चितळांसाठी सलगम

माझे सासरे आमच्याकडे राहायला आले तेव्हा विमानतळावरून घरी येतानाच त्यांनी टॅक्सीत बजावलं, "मला सिंगापूर दाखवायला म्हणून कुठे नेऊ नका. माझं बघून झालंय."

ते खोटं नव्हतं. सगळी नोकरी त्यांनी मालवाहू जहाजांवर इंजिनीअर म्हणून केली. जहाज दुरुस्तीला लागलं की सिंगापूरच्या पश्चिम टोकाला, तुआसच्या गोदीत यायचं, आणि मग काही आठवडे मुक्काम. फक्त त्या मुक्कामात त्यांनी पाहिलेलं सिंगापूर म्हणजे कोरड्या गोदीचा तळ, डोक्यावरच्या क्रेन आणि एक कँटीन. बाकीचं शहर त्यांना डेकवरून दिसणाऱ्या दिव्यांपुरतंच माहीत होतं.

सासूबाई गेल्यानंतर ते पुण्यात एकटेच राहत होते. त्यांनी आमच्याकडे यावं म्हणून नवरा मागे लागला होता. मीही "या ना बाबा" म्हणायचे, मनापासून म्हणायचे, पण थोडी धास्ती होती. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी आमच्या दोघांत "जेवलात का" आणि "तब्येत बरी ना" यापलीकडे बोलणं गेलं नव्हतं. ते कायम समुद्रावर, नंतर आम्ही इकडे. आमचं भांडण कधीच झालं नाही. भांडायला लागते तेवढी ओळखच नव्हती.

आल्यावर त्यांनी घरातल्या वस्तू दुरुस्त करायला घेतल्या. कुरकुरणारा पंखा, अडकणारा ड्रॉवर, गळणारा नळ. नंतर वॉशिंग मशीन उघडलं. ते बिघडलेलं नव्हतं, पण बाबांच्या मते त्याचा आवाज तक्रारीचा होता. ते पुन्हा जोडून झाल्यावर घरात दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही आणि बाबा खिडकीशी बसायला लागले. नवराही इंजिनीअर, तो सकाळी तुआसला कामावर जायचा, मी पाया लेबारच्या ऑफिसात, लेक शाळेत. संध्याकाळी मी परत यावं तर ते सकाळच्याच खुर्चीत. विचारलं की म्हणायचे, "मस्त चाललंय. हवा येते इथे."

एका रविवारी लेकीने हट्ट धरला म्हणून आम्ही सगळे बेटाच्या उत्तरेकडच्या एका लहानशा प्राणी-उद्यानात गेलो. बाबा आले, पण छत्री टेकत, उपकार केल्यासारखे. माकडं त्यांनी चालता चालता पाहिली. पोपटांकडे तर पाहिलंही नाही. चितळांच्या कुंपणाशी मात्र थांबले ते थांबलेच. झाडाखाली दहा-पंधरा चितळं होती. पाठीवर पांढरे ठिपके, कान सारखे हलत. त्यांच्यापुढे कापलेलं गवत आणि गोळ्यांचं खाद्य होतं.

"रोज हेच खातात का ही?" बाबांनी मला विचारलं. जणू मी तिथे कामाला होते.

परतताना बसमध्ये ते आपण होऊन बोलायला लागले. मी पुढच्या सीटवर होते, ते मागून वाकून सांगत होते. ऐन थंडीत त्यांचं जहाज एकदा उत्तरेकडच्या एका बंदरात अडकलं होतं. तिथल्या एका माणसाशी ओळख झाली. त्याने यांना आपल्या गावी नेलं. रानाच्या कडेला त्याचा शेताचा एक पट्टा होता, आणि त्या पट्ट्यात त्याने सलगम लावले होते. माणसांसाठी नव्हे, हरणांसाठी.

"बर्फ पडला होता," बाबा म्हणाले. "सगळीकडे पांढरं. आणि पहाटे हरणं आली. खुरांनी बर्फ उकरायची आणि पानं खायची, मग गड्डे. आम्ही खिडकीतून बघत होतो. हातात कॉफी. तसलं काही मी पुन्हा पाहिलं नाही."

नवरा चकित होऊन ऐकत होता. ही गोष्ट त्यालाही कधी सांगितलेली नव्हती.

दोन दिवसांनी बाबा मला न सांगता एकटेच त्या उद्यानात जाऊन आले. बस, मग एमआरटी म्हणजे इथली मेट्रो, पुन्हा बस. तिथल्या प्राण्यांच्या डॉक्टरणीला भेटले. ती तिशीतली चिनी मुलगी, फार कामात असलेली, पण हसरी. चितळांच्या कुंपणामागे चाऱ्यासाठी राखलेली जमीन होती. त्यात जास्वंद आणि रताळ्याचे वेल लावलेले, आणि एक तुकडा नुसताच पडून होता. बाबांनी तो मागितला. स्वयंसेवक म्हणून नाव घातलं. डॉक्टरणीने एकच अट घातली: जे उगवेल ते आधी तिला दाखवायचं, तिने हो म्हटल्याशिवाय एक पानसुद्धा आत टाकायचं नाही.

"जहाजावर असंच असतं," घरी येऊन बाबा समाधानाने म्हणाले. "कॅप्टनची सही लागते."

आता बियाणं. शनिवारी मी त्यांना घेऊन एका नर्सरीत गेले. दुकानदार काका साठीचे, पायात रबरी बूट. मी सलगमचं इंग्रजी नाव घेऊन विचारलं, "टर्निपच्या बिया आहेत?" ते म्हणाले, "टर्निप! हॅव, हॅव," आणि आतून एक पुडी आणून दिली. तिच्यावर चित्र नव्हतं. घरी उघडली तर आत चपट्या, तपकिरी, वालाच्या दाण्याएवढ्या बिया.

"सलगमचं बी एवढं मोठं असतं?" बाबांनी विचारलं.

मी म्हटलं, "असेल." सलगम मी आयुष्यात दोनदा खाल्ले असतील, तेही दुसऱ्यांच्या घरी लोणच्यात. माझ्या आईला तर अजूनही सलगम म्हणजे नवलकोलच वाटतो.

बाबा रोज जायला लागले. टोपी, पाण्याची बाटली, डब्यात पोळीभाजी. वाफे त्यांनी दोरी लावून सरळ रेषेत आखले. संध्याकाळी घरी येईपर्यंत अंगाला मातीचा वास, आणि जेवताना बोलणं थांबायचं नाही. कोंब आले. कोंबांचे वेल झाले. वेल वर चढायला बघायला लागले तेव्हा बाबांनी त्यांना बांबू रोवून दिले.

"सलगम चढतो?" नवऱ्याने विचारलं.

"इथली हवा दमट आहे. चढत असेल," बाबा म्हणाले, पण त्यांचा आवाज जरा खाली आला. मला म्हणाले, "अगं, पान बघून मला घेवड्याची आठवण येते. एका देठाला तीन-तीन पानं. त्या माणसाच्या शेतात असं नव्हतं. पण तिथे सगळं बर्फाखाली होतं, मी तरी काय पाहिलं!"

त्यानंतरच्या आठवड्यात मी ऑफिसच्या मैत्रिणीबरोबर हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाद्यगाळ्यांच्या बाजारात, जेवायला गेले. तिने पोपिया घेतला. पातळ पोळीत शिजवलेल्या भाजीचं सारण भरून केलेली ती गुंडाळी. मला अर्धी दिली. मी विचारलं, "ही आतली पांढरी भाजी कुठली?"

"टर्निप," ती म्हणाली.

मी घास चावत थांबले. चव गोडसर, थोडी कुरकुरीत. लोणच्यातल्या सलगमचा उग्रपणा तिच्यात औषधालाही नव्हता. मी म्हटलं, "हा टर्निप नाही."

"टर्निपच. इथे सगळे टर्निपच म्हणतात. खरं नाव बांगक्वांग." तिने फोनवर चित्र काढून दाखवलं. मातकट रंगाचा मोठा कंद. त्याच्या खाली वेलाचं चित्र. एका देठाला तीन पानं. मी तिच्या हातातून फोन जवळजवळ ओढून घेतला आणि पुढचं वाचलं. कंद खायला चांगला. मात्र बिया विषारी, शेंगा विषारी, पानंही जनावरांना घालू नयेत.

त्याच दिवशी सकाळी बाबा निघताना म्हणाले होते, "आज पहिली पानं तोडतो."

मी फोन लावला. वाजत राहिला. बाबा फोन डब्याच्या पिशवीत ठेवतात आणि पिशवी झाडाला टांगतात. उद्यानाच्या ऑफिसात लावला, तिथे कुणी उचलेना, जेवणाची वेळ. मैत्रिणीला म्हटलं, "साहेबांना सांग मला घरचं काम निघालं," आणि टॅक्सी पकडली. वाटेत मला ती सगळी ठिपकेदार चितळं आडवी पडलेली दिसत होती, आणि त्यांच्या मधोमध हातात टोपली घेऊन बाबा. ड्रायव्हरने आरशातून बघून विचारलं, हॉस्पिटल का? मी म्हटलं, नाही, हरणं. त्याने गाडी जोरात हाणली.

फाटकातून मी पळतच गेले. ऑफिसला मी साडी नेसत नाही, पण टाचांचे बूट होते. ते हातात घेतले. चितळांच्या कुंपणाशी पोचले तर चितळं जागच्या जागी, उभी, रवंथ करणारी. आणि मागच्या दाराशी उलट्या बादलीवर बाबा बसलेले. मांडीवर पानांनी गच्च भरलेली टोपली. चेहरा त्रासलेला.

मला बघून म्हणाले, "तू कशी आलीस? आणि अनवाणी?"

"बाबा, पानं घातलीत?"

"कुठली घालतोय! डॉक्टरीण जेवायला गेली आहे. कधीचा बसलोय. तिने बघितल्याशिवाय..."

मी तिथेच मातीत बसले. हसू येत होतं की रडू, ते मलाच कळेना. मग त्यांना सगळं सांगितलं. पोपिया, बांगक्वांग, विष. ते ऐकत गेले. ऐकून झाल्यावर त्यांनी टोपली हळूच मांडीवरून उचलली आणि लांब ठेवली, स्फोटक असल्यासारखी.

"चुकीचं तेल टाकीत भरायच्या आधी कळलं," ते म्हणाले. "वाचलो." मग म्हणाले, "पण अगं, मी त्यांना बांबू लावून दिले!"

यावर मात्र मला इतकं हसू फुटलं की पलीकडची दोन चितळं दचकून मागे सरकली. बाबाही हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारे बाबा मी पहिल्यांदाच पाहिले. डॉक्टरीण आली तेव्हा आम्ही दोघं बोलण्याच्या स्थितीत नव्हतो. तिने टोपलीतलं एक पान उचललं, तिचे डोळे मोठे झाले, आणि तिने काही विचारायच्या आत बाबा म्हणाले, "माहीत आहे, माहीत आहे. सगळं उपटतो."

त्या दुपारी आम्ही दोघांनी मिळून वेल मुळासकट उपटले. डॉक्टरणीने ते पिशव्यांत बांधून नीट विल्हेवाट लावायला नेले. बाबांना वाटलं आता जमीन जाणार. ती म्हणाली, "अंकल, खरा टर्निप लावा. पण या वेळी पाकिटावर चित्र बघून घ्या."

पाकिटावर जांभळ्या खांद्यांचा, पांढऱ्या पोटाचा गोल गड्डा होता. आतलं बी पाहून बाबा म्हणाले, "ही तर मोहरी!" दिसायला खरंच मोहरीच. आणि पेरायला तितकीच अवघड, बोटांतून निसटणारी. आता शनिवारी मीही जायला लागले. पहिल्यांदा त्यांना सोबत म्हणून, नंतर मला आवडायला लागलं म्हणून. बाबांनी वरून काळी जाळी बांधली, कारण इथलं ऊन त्या पिकाला झेपणारं नव्हतं. तरी अळ्या आल्याच. त्या आम्ही हाताने वेचायचो. वेचता वेचता बाबा सासूबाईंबद्दल बोलायचे. त्या बोटीवर एकदाच आल्या, आणि इंजिन रूममध्ये उतरून पहिलं वाक्य काय बोलल्या, तर "इथे कुणी कधी झाडू मारतं का?" हे सांगताना ते हातातल्या अळीकडे बघून हसत होते.

पानं जोमाने आली. खरबरीत, हिरवीगार, गुडघ्याला लागतील अशी. गड्डे मात्र धरेनात. बाबांनी एक उपटून पाहिला. सुपारीएवढा.

"हा काय सलगम झाला?" ते म्हणाले.

डॉक्टरीण म्हणाली, "इथल्या गरमीत एवढाच होणार. पण अंकल, चितळांना पानंच हवीत." तिने पानं तपासली, हुंगली, एक तुकडा स्वतः चावून पाहिला आणि हो म्हणाली.

पहिली टोपली आत ठेवली तेव्हा बाबांनी टोपी काढून हातात धरली होती. चितळं आली. एकीने नाक लावलं. दुसरी नाक लावून शिंकली. मग सगळी शांतपणे वळली आणि रोजच्या गवताकडे गेली.

घरी जेवण झाल्यावर बाबांनी लेकीचा लॅपटॉप मागून घेतला आणि वाचत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी जाहीर केलं, "मला सापडलं. थंडी लागते. गारठा पडला की सलगमच्या पानांत साखर तयार होते. त्याआधी तिकडची हरणंसुद्धा तोंड लावत नाहीत."

"मग आता सिंगापुरात बर्फ पाडणार का?" नवऱ्याने विचारलं.

बर्फ नाही पाडला. पण त्या संध्याकाळी मी फ्रीज उघडला, तर दही, कोथिंबीर आणि डोशाचं पीठ सगळं वरच्या कप्प्यात कोंबलेलं, आणि खालचे दोन्ही कप्पे आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत लावलेल्या सलगमच्या रोपांनी भरलेले. मातीसकट. बाबांनी ती बसमधून आणली होती.

लेक इथल्या इंग्रजीत म्हणाली, "आजोबा, कॅनॉट ला! फ्रीज इज फॉर फूड."

"हेही फूडच आहे," आजोबा म्हणाले.

एरवी मी वैतागले असते. त्या वेळी मी फक्त विचारलं, "बाबा, भाजी कुठे ठेवू?" ते म्हणाले, "मी रोज ताजी आणून देईन." आणि दिलीसुद्धा. सकाळी रोपं बाल्कनीत, संध्याकाळी फ्रीजमध्ये. आठवडाभर आमच्या घराला शेताचा वास येत होता.

शनिवारी सकाळी त्यांनी मला स्वयंपाकघरात उभं केलं. "डोळे मीट." एक पान तोंडात दिलं. कडवट, नाकात जाणारं. मग दुसरं.

"हे गोड आहे," मी म्हटलं. "जरासं."

"कुठलं? पहिलं की दुसरं?"

"दुसरं."

त्यांनी टाळी वाजवली. खरंच फरक होता की त्यांच्या आवाजातल्या उत्साहाने मला तसं वाटलं, ते मी आजही सांगू शकत नाही.

रविवारी नवराही आमच्याबरोबर आला. बाबांनी दोन टोपल्या केल्या होत्या, एक फ्रीजच्या पानांची, एक वाफ्यातल्या साध्या पानांची. दोन्ही वेगवेगळ्या ठेवायच्या आणि चितळं कुठे जातात ते बघायचं. डॉक्टरीणही सुट्टी असून मुद्दाम आली होती. बाबा हात धुवायला गेले, आणि तेवढ्यात नवऱ्याने उचलायला सोपं जावं म्हणून दोन्ही टोपल्या एका घमेल्यात ओतल्या.

बाबा परत आले. घमेल्याकडे पाहिलं. मुलाकडे पाहिलं.

"अरे, हा प्रयोग होता!"

"पानंच आहेत ना बाबा?"

"तू इंजिनीअर कसा झालास?" बाबा म्हणाले. डॉक्टरणीला मराठी येत नव्हतं, पण तिला सगळं समजलं. ती तोंडावर हात ठेवून दुसरीकडे बघायला लागली.

आता दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. घमेलं तसंच आत ठेवलं. बराच वेळ काही झालं नाही. मग एक म्हातारी मादी, कानाला जुनी चीर असलेली, सावकाश पुढे आली. तिने वास घेतला. एक पान ओढलं. ते तिच्या तोंडाच्या कडेला लोंबत राहिलं, आणि मग जबडा फिरायला लागला. तिने दुसरं ओढलं. तिच्यामागे तिचं पाडस आलं, मग एक नर, मग सगळा कळप त्या घमेल्यावर पडला. ढकलाढकली, फुरफुर, पानांचा कचाकच आवाज. घमेलं उलटं झालं तरी खालची पानं शोधत होती.

"फ्रीजचीच पानं," बाबा म्हणाले.

"किंवा सवय झाली," डॉक्टरीण म्हणाली. "नव्या गोष्टीला ती आधी घाबरतात. मोठीने खाल्लं की बाकीची खातात."

"फ्रीजचीच," बाबा मला मराठीत म्हणाले. मी मान हलवली. कुंपणाच्या तारेवर त्यांचे दोन्ही हात होते आणि ते पुढे झुकून बघत होते. नवरा त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

पुढच्या वेळी पानं सरळ वाफ्यातून घातली आणि तीही तितक्याच आवडीने खाल्ली गेली. मला माझा फ्रीज परत मिळाला. सुपारीएवढे गड्डे आम्ही घरी आणले आणि मी ते खोबरं-लसूण घालून परतले. डॉक्टरणीला जेवायला बोलावलं होतं. तिने तीनदा वाढून घेतले. बाबांनी तिला सलगमचा सगळा इतिहास सांगितला, त्यात बर्फही आला आणि बांबूही आले.

दिवाळीला बाबा पुण्याला गेले. तिथलं घर बघायचं होतं, दोन-तीन महिने राहून येणार होते. जाताना वाफे मला सोपवले, सूचना देत देत, अगदी विमानतळाच्या दारापर्यंत. मी एकटीने पेरणी केली ती पहिलीच. लेकीला बरोबर घेतलं होतं, पण तिचं लक्ष पाडसाकडे. आठवड्याने गेले तर वाफा हिरव्या ठिपक्यांनी भरून आला होता. मी इतकी हरखले की लगेच फोटो काढून बाबांना पाठवला.

उत्तर लगेच आलं. "छान. पण फार दाट झालंय. विरळ कर."

मी गुडघ्यावर बसून विरळणी केली. उपटलेली कोवळी रोपं झटकून, माती काढून टोपलीत जमवली, डॉक्टरणीला दाखवली आणि कुंपणापाशी नेली. चितळं आधीच दारात येऊन उभी होती.